थकलेल्या कानांपुढे गाताना



गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला एक खोड असते. पुढे दहा माणसे बसलेली दिसली, की ती आपले ऐकण्यासाठीच जन्माला आली आहेत असे त्याला वाटू लागते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पेटी वाजवणे ही माझी हौस, पोटाचा उद्योग नव्हे. तरीही ही खोड माझ्या अंगात पुरेपूर होती. ती उतरवली मांजरीच्या एका वृद्धाश्रमातील आजी-आजोबांनी. त्याची हकीकत आज सांगणार आहे. आपल्यापैकी जे शाळेत शिकवतात, ज्यांच्या गावी भजनी मंडळ आहे, किंवा ज्यांच्या पडवीत एखादे म्हातारे माणूस दिवसभर एकटे बसून असते, त्यांना तिचा थोडाफार उपयोग होईल असे वाटते.

मांजरी पुष्कळांना ठाऊक असेल. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने हडपसर मागे टाकले की डाव्या अंगाला हे गाव लागते. पलीकडून मुळा-मुठा वाहते, मधून दौंडकडे जाणारा लोहमार्ग जातो. ऊसवाल्यांना मांजरी म्हटली की वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आठवेल, द्राक्षबागाईतदारांना राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत गेले, आणि आता उसाच्या फडाशेजारी उंच इमारती दिसतात. आषाढवारीत तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी काळभोरच्या मुक्कामाला निघते ती इथल्याच रस्त्याने, मांजरी फार्मवरून. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या. पुढे तिचे काम पडणार आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील चार मुली आणि दोन मुलगे यांना घेऊन मी या वृद्धाश्रमात पहिल्यांदा गेलो. तयारी जय्यत होती. ध्वनिक्षेपक होता, दोन मोठे कर्णे होते, मागे लावायला कापडी फलक होता, शाली आणि नारळ होते. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने वह्या भरून मजकूर लिहून आणला होता. वेळ ठरली दुपारी तीनची. ती आम्हांला सोयीची होती. तिथल्या माणसांची ती जरा पडण्याची वेळ असते, हे विचारण्याचे कुणाला सुचले नाही. सेवकांनी सगळ्यांना उठवून, ज्यांना यायचे नव्हते त्यांनाही हाताला धरून, दिवाणखान्यात आणून बसवले.

मग भाषणे झाली. ज्येष्ठांचा आदर करावा असे आम्ही ज्येष्ठांनाच अर्धा तास सांगितले. मुलींनी नाट्यपदे म्हटली, अभंग म्हटले, तेही काळी चार पट्टीत, कारण सराव त्या पट्टीत झालेला. नंतर मी पेटीवर भीमपलास वाजवला. दुपारचा राग दुपारी वाजवतो आहोत याचा मला कोण अभिमान! बारा मिनिटे वाजवला. मधेच दौंडकडे जाणारी गाडी धडधडत गेली, तशी सगळी मंडळी एकदम खिडकीकडे वळली. खरे सांगायचे तर माझ्या भीमपलासापेक्षा त्या गाडीला अधिक एकाग्र श्रोते मिळाले. एका आजोबांनी कानातले यंत्र काढून खिशात ठेवले. पुढच्या रांगेतल्या एक आजी पदराने कान झाकून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहून हसलो, तर त्या म्हणाल्या, "मास्तर, ते भोंगं बंद करा की. पोरींचा आवाज कुटं हाय त्यात?"

लोक हसले. मीही हसलो, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना.

आता यातले शास्त्र थोडेसे सांगतो. वय झाले की ऐकू कमी येते, एवढे आपण जाणतो. पण कसे कमी येते, ते सहसा जाणत नाही. दिव्याची वात खाली करावी तसा सगळा आवाज सारखा मंद होत नाही. आधी जातात ते उंच, बारीक आवाज. बोलण्यातले स, श, फ, त असले वर्ण धूसर होतात, आणि स्वर तेवढे कानी पडतात. म्हणून म्हातारे माणूस म्हणते, "तू बोलतोस ते ऐकू येतं, पण कळत नाही." आपण काय करतो? ओरडतो. आणि दुसरी अडचण तिथेच आहे. थकलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही हे खरे, पण मोठा आवाज तरुण कानाला लागतो तेवढाच, कधी कधी त्याहून जास्त, लागतो. हळू आणि मोठा यांच्यामधली सुखाची जागाच अरुंद झालेली असते. कर्ण्यातून आलेला आवाज त्या जागेत मावत नाही. श्रवणयंत्र लावले असेल तर पेटी, झांजा, टाळ्या, खुर्च्यांची खरखर हे सगळे त्यातून एकत्रच आत शिरते. त्या आजोबांनी यंत्र काढून ठेवले ते माझा अपमान करायला नव्हे, तर स्वतःला वाचवायला.

महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नुसती पेटी, एक टाळजोड, आणि मुले. फलक नाही, शाली नाहीत. वेळ पाच ते पावणेसहा, म्हणजे चहा झाल्यावर आणि दिवेलागणीच्या आत. दिवाणखान्याऐवजी व्हरांड्यात बसलो, आणि रांगा न लावता गोल केला. ज्याला यायचे तो आला, ज्याला नको तो आपल्या खाटेवर राहिला. पट्टी खाली आणली. काळी चारवरून थेट पांढरी तीनवर. मुली कुरकुरल्या. "सर, इतक्या खाली आवाज घुमत नाही," म्हणाल्या. मी म्हटले, आपला घुमायला नकोच आहे. वयाबरोबर बायकांचा आवाज खाली उतरतो. ज्या आजी पंचवीस वर्षांच्या असताना काळी चारला सहज गात होत्या, त्यांना आज तिथे पोचता येत नाही, आणि पोचता आले नाही की त्या गप्प बसतात. आपण समजतो, त्यांना गाणे आवडले नाही. पट्टी चार घरे उतरवल्याबरोबर व्हरांड्यात पाच-सहा जणींचे ओठ हलू लागले, आणि तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाजही आला.

पेटीला या ठिकाणी एक दाद दिली पाहिजे. हे बिचारे वाद्य. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्याच्यावर बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला पुढे सुमारे तीस वर्षे लागली. पेटीवर मींड येत नाही, तिचे स्वर आपल्या रागांच्या श्रुतींशी नेमके जुळत नाहीत, हे आक्षेप खोटेही नव्हते. पण समोरची आजी कुठल्या स्वरात गुणगुणते ते ऐकून, क्षणात बोटे सरकवून तिच्या पट्टीवर जाऊन बसायला पेटीसारखे दुसरे वाद्य नाही. आज मी हे रेडिओवरूनच बोलतो आहे, यात मला थोडी गंमत वाटते.

काय गायचे, याविषयीही आमची समजूत चुकीची निघाली. म्हातारी माणसे म्हणजे भजन, असे आपण गृहीत धरतो. दुसऱ्या खेपेला तीन अभंग झाल्यावर एक आजोबा म्हणाले, "आता पुरे झाला देव. काहीतरी रंगीत होऊ द्या!" त्यांना लावणी हवी होती. दुसऱ्या एकांना तरुणपणी थेटरात खाली बसून पाहिलेल्या बोलपटातले गाणे हवे होते. एका बाईंनी आपल्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलेली चाल मागितली. शब्द त्यांना येत नव्हते, चाल मात्र त्यांनी गुणगुणून दाखवली. आमच्या मुलांना यातले निम्मेसुद्धा येत नव्हते. मग त्यांनी वह्या काढल्या आणि फर्माइशी लिहून घेतल्या. पुढच्या महिन्यात त्यातल्या चार बसवून आणल्या. मला वाटते, आमचे त्या घराशी नाते जमले ते त्या वहीमुळे. आपण सांगितलेली गोष्ट कुणीतरी लिहून घेतो, आणि महिन्याने ती खरोखर घेऊन येतो, याचे अप्रूप म्हातारपणी फार असते.

मानसशास्त्रज्ञांना असे आढळले आहे की साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंत जे पाहिले-ऐकले, ते माणसाच्या आठवणीत सर्वांत घट्ट राहते. हिशेब करून पाहा. आज जे ऐंशीच्या घरात आहेत, ते १९५५ साली दहा-बारा वर्षांचे होते. त्या वर्षी रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी झाली. केंद्र सुरू होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. माझ्या पिढीने हे सारे कॅसेटवर ऐकले. पण व्हरांड्यातल्या एक आजी त्या वेळी दहा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आळीत एकाच घरी रेडिओ होता. त्या घराच्या पायरीवर बसायला जागा मिळावी म्हणून त्या परकराची ओटी सावरीत धावत जात, हे त्यांनी सांगितले तेव्हा गाणे बाजूलाच राहिले. मग दुसऱ्याने आपल्या गावच्या चावडीवरच्या रेडिओची गोष्ट काढली. तिसऱ्याने आपला पहिला रेडिओ किती रुपयांना घेतला ते सांगितले, आणि त्यावर वाद झाला. आमची ठरलेली सहा गाणी होती, त्यातली दोनच झाली.

आधी मला रुखरुख लागली. कार्यक्रम अर्धवट राहिला, असे वाटले. मग पुणे केंद्रानेच १९५६ साली केलेला एक प्रयोग आठवला. युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली होती. सगळ्यांनी मिळून भाषण ऐकायचे, आणि ते संपले की रेडिओ बंद करून त्यावर आपसांत बोलायचे. त्या प्रयोगाचा जीव होता तो ऐकल्यानंतरच्या बोलण्यात. आमच्या व्हरांड्यातही तेच चालले होते. फक्त मला कळायला वेळ लागला. तेव्हापासून एक गाणे झाले की आम्ही पेटीचा भाता बंद करतो आणि थांबतो. कधी कुणी बोलत नाही. मग दुसरे गाणे सुरू करतो.

आता एका आजींविषयी सांगतो. त्या वेल्ह्याकडच्या. कधी गायल्या नाहीत. विचारले की म्हणायच्या, "मला न्हाई बाबा गाणं येत. आमी काय साळंत गेलो?" एकदा आमची एक विद्यार्थिनी त्यांच्या पायाशी बसून गप्पा मारीत होती. जात्यावर दळायचे कसे, असे तिने सहज विचारले. आजींनी हवेत खुंटा धरला, हात फिरवू लागल्या, आणि हाताबरोबर ओवी आली. एक संपली की दुसरी. भावाची, माहेरच्या वाटेची, पंढरीची, सासूची, आणि एक अशी की ती ऐकून शेजारच्या दोघी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. पंचवीस-तीस ओव्या झाल्या असतील. विद्यार्थिनी म्हणाली, "आजी, हे गाणंच आहे की!" त्यावर आजी खरोखरच गोंधळल्या. "हे व्हय? हे तर दळण."

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे आपल्यातल्या काहींनी वाचले असेल. आज त्या संग्रहाचा पुष्कळ भाग लोकांना पाहायला-ऐकायला खुला झाला आहे. परंतु गिरणी आली, जाती माळ्यावर गेली, आणि ज्या बायका पहाटे दळता दळता हे गात होत्या त्या आता ऐंशी-नव्वदीच्या आहेत. त्यांना आपण गाणे ऐकवायला जातो, हे मला त्या दिवशी जरा उलटे वाटले. शिक्षक मंडळींना मुद्दाम सांगतो: मुलांच्या हातात गाण्याच्या वहीइतकीच एक कोरी वही द्या.

इटलीतल्या मिलान शहरी ज्युसेप्पे व्हेर्दी या थोर संगीतकाराने स्वतःच्या पैशाने म्हाताऱ्या गायक-वादकांसाठी एक निवास बांधला. आपल्या हयातीत तो उघडू नये अशी त्याची इच्छा होती. तो १९०१ साली वारला, आणि १९०२ साली ते घर उघडले. तिथे राहणारी मंडळी एके काळी रंगभूमीवर गाजलेली. आता त्यांच्याबरोबर काही तरुण विद्यार्थीही राहतात, आणि शिकवणे, वाजवणे, भांडणे सारे एकाच छपराखाली चालते. आपल्याकडच्या वृद्धाश्रमात असे नामवंत नसतील. पण कुणी तमाशात ढोलकी वाजवलेली असते, कुणी वीस वर्षे काकड्याला वीणा धरलेली असते, कुणी बँडात सनई फुंकलेली असते. नाव विचारल्यावर ते हे सांगत नाहीत, कारण दाखला घेताना भरायच्या अर्जात तसा रकानाच नसतो.

विलायतेतही हे काम चालते. यहुदी मेन्युहिन हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक १९५२ साली भारतात आला होता, हे जुन्या लोकांना आठवत असेल. महायुद्ध संपताच १९४५ साली तो बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीतून सुटलेल्या माणसांपुढे वाजवायला गेला होता. पुढे १९७७ साली त्याने इंग्लंडात एक संस्था उभी केली. तरुण वादकांना शिकवून तयार करायचे, आणि जे सभागृहापर्यंत येऊ शकत नाहीत अशांकडे, म्हणजे वृद्धनिवासांत, रुग्णालयांत, विशेष मुलांच्या शाळांत, त्यांना पाठवायचे. शिकवून पाठवायचे, हा त्यातला महत्त्वाचा भाग. नुसते चांगले वाजवता येणे तिथे पुरत नाही, हे त्याने ओळखले होते. माझा बारा मिनिटांचा भीमपलास काही बेसूर नव्हता, श्रोतेहो.

स्मृतिभ्रंश झालेल्यांविषयी थोडे जपून बोलले पाहिजे. आश्रमात एक आजोबा आहेत, मुलगा भेटायला आला की त्याला ते "आपण कुठले?" असे विचारतात. परंतु गणपतीची आरती सुरू झाली की पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता, टाळीसकट म्हणतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, आता यांची ओळख परत आली. तसे काही नव्हते. आरती संपली आणि त्यांनी मला पुन्हा माझे नाव विचारले. २०१८ साली या विषयावरच्या अनेक पाहण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की संस्थेत राहणाऱ्या अशा रुग्णांना संगीताची निदान पाच सत्रे मिळाली तर त्यांचे औदासीन्य बहुधा कमी होते, वागण्यातला त्रासही कमी होतो. बुद्धी आणि स्मरण यांवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. तेव्हा गाण्याने आठवण परत येते असे कुणी सांगितले तर मान डोलवू नका. पण तो मुलगा आता दुसऱ्या शनिवारी येतो, आमच्या वेळेला. बापलेक शेजारी बसून आरती म्हणतात. त्याला "आपण कुठले?" ऐकावे लागतेच, मधली चार मिनिटे तेवढी लागत नाही.

त्या निष्कर्षातली "निदान पाच सत्रे" ही अट मला डॉक्टरांनी शिकवली नाही. ती शिकवली एका पखवाजी बुवांनी, आणि ती मला महाग पडली.

हे बुवा दौंडकडचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षे तुकोबांच्या पालखीबरोबर चाललेले, दिंडीत पखवाज वाजवणारे. अर्धांगाचा झटका येऊन डावा हात लुळा पडला, बायको आधीच गेली होती, आणि मग ते इथे आले. पखवाज बरोबर आणला होता. खाटेखाली गवसणीत ठेवलेला. आमच्या चौथ्या-पाचव्या खेपेला त्यांनी तो बाहेर काढला. डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय घुमारा येत नाही, हे आपल्यापैकी भजनी मंडळींना माहीत आहेच. स्वयंपाकघरातल्या मावशींनी पोळ्यांच्या कणकेतला गोळा काढून दिला. बुवा वाजवायला बसले. उजवा हात चोख. डावा येई, पण उशिरा आणि हलका. आठ मात्रांचा भजनी ठेका मधे मधे लंगडत होता. मुलांनी टाळ त्याच्या बेताने धरला, मी लय खाली आणली, आणि अभंग झाला. बुवांनी घाम पुसला. "पुढच्या शनिवारी येनार ना?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार. नक्की."

त्या शनिवारी महाविद्यालयात परीक्षेचे काम निघाले. मी गेलो नाही. आणि नुसता गेलो नाही एवढेच नव्हे, तर कळवलेही नाही. दूरध्वनीचा एक निरोप, दोन मिनिटांचे काम. पण मला वाटले, त्यांना कुठे तारखेचे एवढे लक्षात असणार.

पुढच्या खेपेला मावशींनी सांगितले. बुवांनी त्या दिवशी सकाळीच कणीक मागून घेतली होती. एका हाताने ती स्वतः मळली, थापली. धोतर, सदरा, डोक्याला फेटा बांधून तीन वाजल्यापासून फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते. सहा वाजले, साडेसहा वाजले. मावशींनी आत बोलावले तर म्हणाले, "गाडीला फाटक लागलं असंल, येतील." जेवायला उठले नाहीत. रात्री पखवाज तसाच खाटेखाली सरकवला. कणीक खरवडून काढायला एका हाताने जमले नाही, की त्यांनी काढलीच नाही, कोण जाणे. ती वाळून चामड्याला चिकटली आणि तडकली.

मी त्यांच्या खाटेपाशी गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी क्षमा मागितली. म्हणाले, "तुमची कामं असत्यात, मास्तर." एवढेच. त्या दिवशी व्हरांड्यात आले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाहीत. पखवाज मी पुण्याला नेऊन नवी पुडी बसवून आणला. तो त्यांनी ठेवून घेतला, पण गवसणी सोडली नाही.

आपण तासाभरासाठी जातो. आपल्या महिन्यात तो एक तास असतो आणि दुसरी शेकडो कामे असतात. त्यांच्या महिन्यात तो तासच तेवढा असतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवू शकलो असतो, परीक्षेत प्रश्नही घातला असता. पण मला स्वतःला ते कळायला ती वाळलेली कणीक पाहावी लागली.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती, आणि तेव्हापासून तो आकडा वाढतोच आहे. २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान एक वृद्धाश्रम असावा अशी तरतूद केली आहे. म्हणजे आपल्या शाळेपासून फार लांब नाही अशा अंतरावर एखादे असे घर असण्याचा संभव आहे. तिथे मुलांना न्यायचे असेल तर गुरुजी, बाईंनो, आधी एकट्याने जा. चहा घ्या, विचारा, जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा लिहून घ्या. मुले पाच-सात पुरेत. चाळीस मुलांचा घोळका त्या घराला सोसत नाही. छायाचित्रे काढू नका. निदान पहिल्या तीन खेपांना तरी नकोत. आणि महिन्याला जमणार नसेल तर दोन महिन्यांनी या, पण जे सांगाल ते पाळा. स्वातंत्र्यदिनाला एकदा आणि दिवाळीला एकदा जायचे असेल, तर तेच आधी स्पष्ट सांगा. त्यांना राग येत नाही. ज्यांच्या गावात वृद्धाश्रम नाही, त्यांनी पडवीतल्या माणसाला सोमवारच्या भजनाला उचलून नेण्यापेक्षा महिन्यातून एक सोमवारचे भजन त्याच्या पडवीत करावे. जागा अपुरी पडेल. पडू द्या.

गेल्या आषाढात पालखीच्या दिवशी मी सुट्टी काढून एकटाच आश्रमात गेलो. तो शनिवार नव्हता, आणि मी येतो असे कुणाला सांगितलेही नव्हते. चालक मंडळींनी गाडीची सोय केली होती. बुवांना आणि आणखी चौघांना आम्ही सोलापूर रस्त्यावर मांजरी फार्मपाशी नेऊन खुर्च्यांवर बसवले. दिंड्यांमागून दिंड्या जात होत्या. बुवा कुणाशी बोलले नाहीत. उजव्या हाताची बोटे मांडीवर चालली होती. एका दिंडीतला पखवाजी जरा पुढे धावत होता, तर त्यांनी नापसंतीने मान हलवली. परत येताना गाडीत म्हणाले, "तुमची लय बरी हाय. पर अभंगाला पट्टी लई खाली धरता."

मी म्हटले, आजींना वर जमत नाही.

"मंग दोन अभंग त्यांच्यासाठी खाली धरा, एक माझ्यासाठी वर."

आता तसे करतो. शेवटचा अभंग वरच्या पट्टीत होतो, आजी तेवढ्यापुरत्या नुसत्या टाळ्या वाजवतात, आणि ठेका अजून लंगडतोच. दुसऱ्या शनिवारी पोळ्यांना कणीक मळताना मावशी एक गोळा बाजूला काढून ओल्या फडक्यात झाकून ठेवतात. मात्र आमची गाडी फाटकातून आत आलेली दिसल्याशिवाय तो बुवांच्या हातात देत नाहीत.